मालक हजर

९ जानेवारी

आजपासून लिहायचं ठरवलं आहे. दुकानाच्या वहीत काम लिहितात, काळजी लिहीत नाहीत, आणि माझ्याकडे काळजीच जास्त असते. आई म्हणते, तू कुलूप लावून तीनदा ओढून बघतेस आणि चौथ्यांदा रस्त्याच्या टोकावरून परत येतेस. खरं आहे. आजही आले.

बाबांचा उजवा हात थंडी सुरू झाल्यापासून थरथरतो. चावी घासताना ते जाणवत नाही, कारण पातं शिकंज्यात घट्ट असतं. पण गाडीचा रिमोट उघडून आतल्या तांदळाएवढ्या बटणाला सोल्डर, वितळलेल्या कथलाचा थेंब, लावायचा म्हणजे श्वास धरून बसावं लागतं. बाबांनी लावलेला थेंब हल्ली शेजारच्या जोडावर ओघळतो. ते जेवायला घरी गेले की मी तो काढते, नव्याने लावते, आणि रिमोट त्यांच्या ट्रेमध्ये जसा होता तसाच, त्याच कोनात ठेवते. संध्याकाळी गिऱ्हाईक येतं, बटण दाबतं, बाहेर गाडी ओरडते आणि बाबा माझ्याकडे बघून मान हलवतात. आपलं काम अजून पहिल्यासारखं आहे असं त्यांना वाटतं. वाटू दे. त्यात कुणाचं काय जातं?

अक्षरं गिरवायच्या आधी मी कानस धरायला शिकले. शाळा नंतर आली. बाबांची शिकवण मोजक्या शब्दांची होती: हाताला घाई नको, आणि मालक समोर नसेल तर चावी नको. चावी तयार झाली की मालकाच्या हातात द्यायची, गाडी त्यानेच सुरू करायची, तोवर आपण बाहेर उभं राहायचं. मग वहीत लिहायचं, ‘मालक हजर’. वह्या दोन आहेत. टेबलावरच्या दुरुस्तीची बाबांची, आणि गाडीपाशी जाऊन केलेल्या कामांची माझी.

बाबा आज म्हणाले, माझी वही एकदा वाचून बघ, अक्षर लागतंय का ते सांग. म्हटलं, बघते. राहून गेलं.

१२ जानेवारी

बाबा हाताच्या तपासणीला गेले होते, मी एकटीच होते. जाड काचांच्या चष्म्याचा एक माणूस आला. वडिलांच्या गाडीची एकुलती एक चावी हरवली, म्हणाला. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट लावलेले होते, वडिलांचं ओळखपत्रही होतं. दुकान बंद करून मी चावीची ओळख गाडीत भरायचं मशीन घेऊन त्याच्याबरोबर गेले.

चौदा वर्षांची निळी गाडी, इमारतीच्या आवारात उभी. मागच्या दारावर भिंतीला घासल्याचा लांब पट्टा होता. मी विचारलं, मालकांना बोलावता का? तो म्हणाला, वडील आत्ताच आडवे झालेत, चावी हरवल्यापासून फार मनाला लावून घेतलंय, उठवू नका. मी म्हटलं, आमची पद्धत आहे. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीत एक म्हातारे गृहस्थ आले. कुंडीतली वाळलेली पानं खुडत होते. त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि त्यांनी हात हलवला. मुलगा म्हणाला, बघा, उठलेच ते. मी पण हात हलवला. मला ते पुरेसं वाटलं.

अशा गाडीच्या चावीच्या मुठीत नखाएवढी चिप असते. गाडीने ती ओळखली तरच इंजिन चालू राहतं. नवी चावी गाडीला ओळखायला लावताना जी जुनी चावी जवळ नसते ती गाडीच्या आठवणीतून पुसली जाते. मग तिने दार उघडतं, ती आत फिरतेही, पण इंजिन सुरू होऊन दोन सेकंदांत मरतं. हे मी त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, बरंच आहे, हरवलेली कुणाला सापडली तरी उपयोग नाही. मग म्हणाला, कव्हर जुन्यासारखंच मिळालं तर बरं, वडिलांना नवी वस्तू गोंधळात टाकते. दुकानातून निघताना मी जुन्या कव्हरांचा डबा बरोबर घेतला होता. त्यात अगदी तसंच, कोपरा झिजलेलं एक निघालं. स्वतःवरच खूश झाले.

गाडी मुलानेच सुरू करून बघितली. दुकानात आल्यावर मी वहीत लिहिलं: नवी चावी एक, आधीची पुसली, मालक हजर. लिहिताना पेन थोडं थांबलं होतं. ते हजर होतेच की, बाल्कनीत.

३१ जानेवारी

हरवलेली चावी आज माझ्या काउंटरवर रुमालात होती.

बाल्कनीतले ते गृहस्थ चालत आले. जमीन मोजणीच्या खात्यात नोकरी केलेले आहेत, उभे राहतानाही ओळंब्यासारखे सरळ. त्यांनी मला ओळखलं नाही. रुमालाच्या घड्या उलगडल्या, चावी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, “एक तर हिच्यात काहीतरी बिघाड आहे, नाही तर माझ्यात. तू हिचं बघ, मग माझं मी बघतो.”

मी विचारलं, हरवली होती का मध्ये? ते म्हणाले, छे, चौदा वर्षं माझ्या उशाशी असते. मग सगळं सांगितलं. बारा तारखेपासून गाडी त्यांच्या हातून चालू होत नाही. दार उघडतं, चावी फिरते, इंजिन हुंकार देतं आणि बंद. मुलाला सांगितलं तर तो हीच चावी घेऊन खाली जातो, आणि हे वरून बघतात, तर पहिल्या झटक्यात चालू. मुलगा वर येऊन म्हणतो, बाबा, तुम्ही नीट फिरवत नाही.

खाली जाताना मुलाच्या खिशात मी केलेली हुबेहूब चावी असणार. मशीनवर चिप तपासली, ठणठणीत होती. मला एवढंच सांगायचं होतं, काका, तुमची चावी चांगली आहे, ती गाडीतून पुसली आहे, मी पुसली आहे. तीन छोटी वाक्यं. मी म्हटलं, सेल उतरला असेल, बदलून देते. सेल चांगला होता. मी बदलला. त्यांनी माझे आभार मानले.

पाठीमागे बाबांची कानस मध्येच थांबली होती.

मुलाला फोन केला. त्याने नाकारलं नाही. म्हणाला, दोन महिन्यांत दोनदा भिंतीला घासली, हिरवा दिवा लागला तरी एकदा चौकात थांबून राहिले, आणि सायकलवरचं एक पोर हातभर अंतराने वाचलं. सांगितलं तर ऐकत नाहीत, चावी लपवली तर घर डोक्यावर घेतील. “ताई, तुम्ही जीव वाचवलाय कुणाचा तरी. आता मागे फिरू नका.” तो रडत होता की त्याला सर्दी झाली होती, कळलं नाही.

त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. बरोबर आहे असंही म्हणता येत नाही. दुकानाचं कुलूप आज पाच वेळा ओढून बघितलं.

९ फेब्रुवारी

मोजणीवाले काका पुन्हा आले. बरोबर एक लांबट वही होती. चावी कशी फिरवली, किती जोराने, इंजिन किती मोजेपर्यंत चाललं, सगळं तारखेवार. बेचाळीस वेळा. सव्विसाव्या ओळीत लिहिलं होतं, ‘आज मुद्दाम डाव्या हाताने. फरक नाही.’ पाठीचा कणा, बसण्याचा कोन, चप्पल की बूट, त्यांनी काही सोडलं नव्हतं. चावीवर मात्र त्यांचा संशय राहिलेला नव्हता. सेल तर मीच बदलून दिला होता.

बाबा डोळे बारीक करून एका रिमोटचा आकडा वाचत होते. काकांनी खिशातून पितळी कडीचं भिंग काढून त्यांच्यापुढे ठेवलं. म्हणाले, नकाशे वाचायला घेतलं होतं, आता नकाशे नाहीत, वापरा. मग दोघे जुन्या ओळखीचे असल्यासारखे बोलत बसले. काकांनी विचारलं, तुमचे हात ऐकतात का हो तुमचं?

बाबा म्हणाले, “माझे नाही ऐकत. पण काम हल्ली माझ्यापेक्षा चांगलं होतं. घरातच बुटके कारागीर आहेत, मी जेवायला गेलो की येतात.”

काका हसले. मीही हसले. बाबा क्वचितच थट्टा करतात, आज मूड चांगला होता.

मी काकांची चावी उगाच उघडली, पुसली, बंद केली. उद्या पुन्हा बघते, म्हटलं. सांगणारच होते, पण बाबांसमोर नको वाटलं. उद्या ते आले नाहीत तर आपणच जाऊ.

२१ फेब्रुवारी

ते आले नाहीत आणि मीही गेले नाही. मध्ये अकरा दिवस गेले. रोज एक कारण होतं, आणि प्रत्येक कारण खरं होतं.

आज दुपारी बाबा त्या भिंगाने माझी वही वाचत बसले होते. आजवर त्यांनी ती कधी उघडली नव्हती. बोट बारा जानेवारीवर होतं.

“हजर होते?”

“बाल्कनीत होते. हात हलवला त्यांनी.”

बाबांनी वही मिटली. कानस उचलली, परत खाली ठेवली. मग त्यांनी विचारलं, मालकाकडून गाडी सुरू करून घ्यायची, हे का, ते कधी विचारलंस का? मी म्हटलं, चावी चालते का ते बघायला. ते म्हणाले, चालते का ते तर आपल्याला आधीच माहीत असतं.

एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं. जाताना म्हणाले, माझी वही वाचलीस का? म्हटलं, आठवड्यात वाचते.

२७ फेब्रुवारी

काका आज निरोप घ्यायला आले. मुलाने काही म्हटलेलं नाही, त्यांनी स्वतःच ठरवलंय. शहराबाहेर म्हाताऱ्यांसाठी एक जागा आहे, खोली बघून आलेत, पाच तारखेला जाणार. म्हणाले, आपल्याला चावी फिरवता येत नाही असं कळलं तेव्हा वाटलं, एवढंच असेल. आता गॅसचं बटण बंद केलं की पुन्हा जाऊन बघतो. दाराला कडी लावली का, गोळी घेतली का. सुनेला विचारतो, मी जेवलो ना? जेवलेलो असतो. पण विचारल्याशिवाय खात्री नाही. अशा माणसाने पोराच्या संसारात राहू नये.

मी कुलूप पाच वेळा ओढून बघणारी. त्यांच्या तोंडून हे ऐकलं आणि हे दुखणं त्यांना माझ्याकडूनच लागलं असं वाटलं.

मी भिंग परत देऊ लागले तर म्हणाले, राहू दे, तुझ्या वडिलांना शोभतं. पायरी उतरताना खाली बघून, मोजून पाय टाकत होते. पहिल्या दिवशी असे उतरले नव्हते.

१ मार्च

आज मी काकांच्या घरी गेले. मशीन बरोबर घेतलं. मुलगा कामावर असतो ती वेळ मुद्दाम गाठली. हेही धैर्य नव्हेच.

सुनेने दार उघडलं. माझ्या हातातलं मशीन बघितलं आणि काही न विचारता बाजूला झाली. काका बैठकीत पुस्तकं दोन खोक्यांत लावत होते. विजेच्या बटणांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या: पंखा, दिवा, बाल्कनी. अक्षर मोजणीच्या वहीतलंच, सरळ आणि स्वच्छ.

मी उभ्याउभ्याच बोलले. काका, बारा जानेवारीला खाली गाडीपाशी मी होते. तुम्ही हात हलवलात. मी तुमची चावी गाडीतून पुसली आणि तुमच्या मुलाला दुसरी तशीच करून दिली. तुमच्या चावीत काही बिघाड नाही, आणि तुमच्या फिरवण्यातही कधीच नव्हता. मला एकतीस तारखेपासून माहीत आहे.

त्यांनी हातातलं पुस्तक खोक्यात ठेवलं, कड नीट जुळवली.

“म्हणजे बेचाळीसही वेळा मी बरोबर फिरवली.”

“हो.”

“डाव्या हातानेसुद्धा.”

“हो काका.”

ते खुर्चीत बसले. मग मुलाबद्दल बोलले, आणि तेही माझ्याशी नाही, त्या बटणांकडे बघून. भिंतीला घासली ती आपली चूक, हे त्यांना ठाऊक आहे. सायकलवरचं ते पोर तर त्यांना रोज दिसतं. “त्याने चावी मागितली असती तर दिली असती मी. पहिल्यांदा नाही म्हटलं असतं. दुसऱ्यांदा दिली असती. बापाला दोनदा विचारावं लागतं.”

मी म्हटलं, तुमची चावी आत्ता पुन्हा चालू करून देते. ते म्हणाले, करून दे, आणि मग परत पूस. पण माझ्यासमोर.

दोन्ही चाव्या लागणार होत्या. मी मागायच्या आधीच सून आतून दुसरी घेऊन आली. नवऱ्याच्या कपाटात होती. सासऱ्यांच्या तळहातावर ठेवताना तिने मान वर केली नाही. काकांनी दोन्ही शेजारी धरून बघितल्या, झिजलेला कोपरा अंगठ्याने चाचपला. हुबेहूब आहे, म्हणाले. “काम चांगलं करतेस तू.” त्यात टोमणा असता तर मी तो घेऊन घरी आले असते. टोमणा नव्हता.

खाली मशीन लावलं. दोन चाव्या ठेवायच्या, असं त्याला सांगितलं. काका आत बसले, आरसा नीट केला, पट्टाही लावला. मी दाराबाहेर उभी राहिले. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं आणि चालू राहिलं. त्यांनी गाडी गिअरमध्ये टाकली नाही. दोन्ही हात चाकावर ठेवून समोरच्या आवाराच्या भिंतीकडे बघत बसले. किती वेळ, मोजलं नाही. मग चावी फिरवली, उतरले आणि म्हणाले, आता पूस.

पुसली. त्यांनी परत फिरवून बघितली. हुंकार, आणि बंद.

“दोन सेकंद,” ते म्हणाले. “वहीत लिहिलंय तेवढेच.”

वर जाताना जिन्यात मी विचारलं, मग आता जायचं रद्द ना? ते म्हणाले, तू सांगितलंस म्हणून लगेच सगळं पुसलं जात नाही बाळ. सकाळी गॅस बंद करून मी तीनदा गेलोय. उद्याही जाईन बहुतेक.

४ मार्च

मुलगा आला. दुकानात दुसरं कुणी नव्हतं, बाबा टेबलावर होते. त्याने आवाज चढवला नाही. म्हणाला, वडील माझ्याशी बोलत नाहीत. जेवताना समोर बसतात, मीठ मागत नाहीत, उठून घेतात. जाऊ नका म्हटलं तर म्हणाले, खोली ठरली आहे. आधी निदान माझ्यावर विश्वास होता त्यांचा, स्वतःवर नव्हता. आता काय राहिलं?

मी म्हटलं, माझं चुकलं. तो म्हणाला, कुठलं? पुसलंत ते की सांगितलंत ते?

चष्मा काढून त्याने काचा पुसल्या. बाबांनी त्याला स्टूल दिलं. तो बसला नाही.

६ मार्च

काका काल शहराबाहेरच्या त्या जागेत राहायला गेले. जायच्या आधी दुकानाच्या दारातून आपली चावी देऊन गेले. आता ही चावी नाही, म्हणाले, धातूचा तुकडा आहे, तुमच्या डब्यात टाका. मी विचारलं, भेटायला येऊ का? म्हणाले, ये, पण येण्याआधी विचार. ती चावी मी डब्यात टाकलेली नाही. खणात ठेवली आहे.

आज दुपारी बाबा जेवायला गेल्यावर माझी वही काढली. बारा जानेवारीची ओळ खोडली आणि शेजारी लिहिलं, ‘मालक हजर नव्हते.’ एक मार्चची ओळ लिहिली. मग हात तिथेच होता म्हणून बाबांची वही ओढली. दोन महिने ‘वाचते’ म्हणत होते.

अक्षर वाकडं झालंय, पण लागतं. तारीख, गाडी, काय बिघडलं, काय केलं. शेवटच्या रकान्यात काम कोणी केलं ते लिहितात. वर्षानुवर्षं तिथे बाबांची एक तिरकी रेघ असते. नोव्हेंबरात एका रिमोटसमोर रेघेऐवजी लिहिलं होतं, ‘सोल्डर मुलीने’. तो दिवस मला आठवतो. मी पहिल्यांदा त्यांचा थेंब काढला तो. खालच्या ओळीतही तेच, त्याच्या खालीही. सगळी पानं उलटून बघितली. मी गुपचूप केलेलं एकही काम त्यांनी स्वतःच्या नावावर घेतलं नव्हतं. त्यातलं एक काम तर मीच विसरले होते.

माझ्या वहीत चार वर्षांत एक ओळ खोटी होती. त्यांच्या वहीत एकही नाही.

ट्रेमध्ये पांढऱ्या गाडीचा रिमोट पडला होता, थेंब ओघळलेला. सवयीने हात सोल्डर लावायच्या तापलेल्या टोकाकडे गेला. मी तो मागे घेतला आणि दुकानाच्या दारात जाऊन उभी राहिले. बाबांना यायला अर्धा तास लागला.

त्यांनी मला बघितलं, ट्रेकडे बघितलं, उघडी वही बघितली.

मी म्हटलं, बाबा, हा तुमच्यासमोर करू का?

त्यांनी माझं स्टूल आपल्या शेजारी ओढलं आणि काकांचं भिंग माझ्याकडे सरकवलं. मी टोक उचलून जोडावर टेकवलं. पहिला थेंब शेजारी ओघळला.

“काढ,” बाबा म्हणाले. “घाई नको.”